कुरखेड्याच्या भिंतीवरची काठी
"उतरव तो नांगर, नाई तर तुहं मुंडकं उतरवतो!" जंगलातल्या गावचा म्हातारा गरजला आणि कुरखेड्याच्या नव्या संग्रहालयात अशी हाणामारी पेटली की वैनगंगेतल्या मासोळ्या तळाशी दडल्या. दाराशी आमचा धानकऱ्यांचा नांगर टांगायचा की त्यांचा ढोल, एवढाच वाद. मी भिंतीवरची काठी उपटली आणि म्हाताऱ्याच्या टाळक्यात हाणली. रक्ताचे पाट वाहिले, त्याच्या कपाळातून आणि, कसे कोण जाणे, माझ्या मुठीतूनही. आजही संग्रहालयातली ती काठी मीच पुसतो. त्या दिवशी मात्र घाबरून म्हाताऱ्यालाच विचारलं, "भाऊ, हे होय तरी का?" तो रक्त पुसत म्हणाला, "कंद खणाची काठी. उलटी धरली तुनं. लोखंडी टोक तुह्या मुठीत हाये."