गाडीखालची ठकठक

सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टेपनीमामा पिकअपच्या मागे गुडघे टेकत, खाली वाकत आणि टांगलेल्या टायरवर पान्याने ठोकत. मग कान देऊन ऐकत. "बोलली," असं म्हणून उठले की मगच चावी फिरे. काष्टीजवळच्या माझ्या रोपवाटिकेत ते ड्रायव्हर होते. त्यांचं खरं नाव लायसनवर होतं, तेवढंच.

पिकअपची स्टेपनी मागच्या हौद्याखाली साखळीला लटकलेली असते. बहुतेक लोक तिथे झिजलेला टायर टाकतात आणि विसरतात. मामा चांगल्यातला टायर तिथे ठेवत, हवाही इतर टायरांपेक्षा थोडी जास्त भरत. "खालच्याला जरा जास्तीच वाढावं, ताई. त्याच्याकडं कुनी बघत न्हाई."

अमावस्येला बाकीचे ड्रायव्हर गाडीला लिंबू-मिरची बांधत. मामा स्टेपनी खाली उतरवत, चिखल धुऊन काढत, साखळीला ग्रीस लावत आणि पुन्हा वर ओढून घट्ट करत. चहावाला रस्त्यापलीकडून ओरडे, "मामा, गाडीच्या पोटात सोनं लपवलंय का काय?"

"सोनं असतं तर तू कवाच नेलं असतंस."

"आन् लिंबू कुठाय तुमचं?"

"लिंबू काय पंक्चर काढतंय व्हय?"

मलाही त्यांनी ते काम शिकायला लावलं. मी म्हटलं, मामा, तुम्ही आहात की. "तुमी गाडी चालवता न्हवं? मंग हे पन यायला पायजे." नंबरप्लेटजवळच्या भोकातून दांडा घालायचा, डावीकडे फिरवायचा, टायर आपल्या वजनाने खाली येतो. काम अवघड नाही. साखळी गंजलेली नसली म्हणजे झालं.

एकदा ग्रीस लावता लावताच त्यांनी सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. तरुणपणी ते एका कांदा व्यापाऱ्याची पिकअप चालवत. बायकोला शेतात साप चावला. तिला पुढच्या सीटवर बसवून निघाले आणि वाटेत टायर फुटला. स्टेपनी खाली येईना. साखळी गंजून दगड झाली होती.

"मी कदी वाकून बघितलंच नव्हतं," मामा म्हणाले. "धोंडा घेऊन ठोकत सुटलो. रस्त्याला चिटपाखरू न्हाई. ती आतून म्हनायची, नका ठोकू, डोक्यात घुमतंय. तरी मी ठोकतच हुतो. मंग ती म्हनायची थांबली."

त्यांनी साखळी वर ओढली, हात चिंधीला पुसले आणि चहा प्यायला गेले. त्या दिवसापासून सकाळची ती ठकठक ऐकताना मला स्वयंपाकघरात उभं राहवत नसे. मी मागच्या दारी जाई. तिथेही ऐकू येई.

गेल्या वर्षी आम्ही हिवरे बाजारच्या पलीकडे मिरचीची रोपं पोचवून परत निघालो होतो. मामांना घाम फुटला, त्यांनी छाती दाबून धरली. मी त्यांना बाजूला सरकवलं आणि गाडी नगरच्या दिशेने दामटली. थोडं पुढे गेलो आणि मागचा टायर बसला. पुढे-मागे एकही गाडी नव्हती. मामा डोळे मिटून होते, पण खाली काय झालंय ते त्यांना कळलं होतं. त्यांचा हात सीटवर पाना चाचपत होता.

मी दांडा घातला आणि डावीकडे फिरवला. साखळी तुपासारखी सुटली. जॅक लावला, चाक बदललं, बसलेला टायर हौद्यात फेकला आणि स्टेअरिंगवर बसले.

"उतरली, मामा."

"लगीच?"

"लगेच."

नगरची एमआयडीसी दिसायला लागली. तेव्हा मामा डोळे न उघडताच म्हणाले, "मंग तवा का नसंल उतरली?"

उत्तर सोपं होतं. गंज, चिखल, हलगर्जीपणा. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी गिअर बदलला.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी मामा गेले.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण सकाळी चुलीवर दूध ठेवलं की अजून बाहेर ठकठक होते आणि आमचं कुत्रं उठून पिकअपकडे बघतं. पत्रा गारठ्याने आकसत असेल, असं मी स्वतःला सांगते. उन्हाळ्यातही तेच सांगते.

नवा ड्रायव्हर चांगला आहे, पण वाकत नाही. म्हणून अमावस्येचं ग्रीस मीच लावते आणि रोज सकाळी पाना घेऊन गाडीमागे मीच गुडघे टेकते. तो परवा म्हणाला, "ताई, जरा जोरात ठोका की. एवढ्याशा आवाजानं काय कळणार?"

मला कळतं. मी हळूच ठोकते. कुणाच्या डोक्यात घुमायला नको.