परीक्षक बाईंनी मध्येच थांबवलं तेव्हा

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता, "आजी, दिवसभर करतेस तरी काय?" गेल्या हिवाळ्यात मी एका मुलीला इंग्रजीत बोलायला शिकवत होते. इंग्रजी तिला चांगलं येत होतं. अडत होतं ते बोलण्यापाशी.

आपल्या साताऱ्याच्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर भाड्याने राहते, इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले तरच. वाचन, लेखन, ऐकणं, सगळं पार पडलं होतं. तोंडी मुलाखतीत मात्र ती अर्ध्या गुणाने राहिली. रुग्णालयाने आणखी एक संधी दिली होती. आताही राहिली असती तर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी तिला समोर बसवलं आणि मी परीक्षक झाले. तुझं गाव तुला आवडतं का? "यस, मॅडम." का आवडतं? "इट इज गुड, मॅडम." तिथे काय काय आहे? "फार्म्स, मॅडम." पाठ ताठ, हात मांडीवर, नजर माझ्या कपाळावर.

"अगं, पुढे बोल की काहीतरी."

"आवं आजी, इचारलं तेवढं सांगितलं की."

तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. घरात त्यांनी, मग नर्सिंगच्या कॉलेजात मेट्रननी, मग वॉर्डात डॉक्टरांनी तिला एकच वळण लावलेलं: मोठ्या माणसाने विचारलं की नेमकं उत्तर द्यायचं आणि गप्प उभं राहायचं. वर एक शब्द बोललं की तोंड चालवल्यासारखं होतं. एका रविवारी सुभेदार गुळाची ढेप घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, हिला लय बोलायला नका शिकवू. उद्या सासरी नांदायचंय."

"आधी इंग्लंडला जायचंय," मी म्हटलं.

"मग तर झालंच. तितं समदं साहेबच! साहेबाम्होरं लांबण लावल्याली चालत न्हाई."

मी माझ्या पद्धतीने नियम घालून दिले. आधी उत्तर, मग कारण, मग स्वतःचा एखादा अनुभव. पाचगणीच्या शाळेत आमच्याकडून असंच घोटून घेतलं होतं. तिने नियम पाठ केले, उत्तरं लांबलीही. पण ऐकताना पंधरा ऑगस्टचं भाषण ऐकल्यासारखं वाटायचं. मध्येच वेगळा प्रश्न टाकला की पुन्हा "यस, मॅडम."

परीक्षेचं केंद्र मिळालं सांगलीला. नेमकी तेव्हाच सुभेदारांच्या रानात ऊसतोडीची टोळी आली. त्यांना हलता येईना, म्हणून सोबतीला मी निघाले. कराडला मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी घेऊन एक बाई एसटीत चढली आणि मुलीच्या शेजारी बसली. मी त्यांच्या पुढच्या सीटवर होते.

"कुठं निघालीस गं?" बाईने विचारलं.

"सांगलीला, मावशी. इंग्रजीची परीक्षा हाय. मागं दिल्याली, पर थोडक्यात हुकली. ह्या म्होरं बसल्यात न्हवं, त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी, त्याच शिकवत्यात. भ्यानं सकाळी चहाबी गेला न्हाई बघा."

"आन् गाव कुठलं?"

झालं! औंधजवळचं गाव, विहिरीचं पाणी, भावाने नव्यानेच लावलेली द्राक्षबाग, आईचे गुडघे आणि तरीही यमाईच्या डोंगरावर पायऱ्या चढून जायचा तिचा हट्ट, सगळं सगळं निघालं. मावशीनेही स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. ती उतरल्यावर मी मागे वळले.

"त्या बाईला एवढं सगळं कशाला सांगितलंस?"

"आवं, शेजारी बसल्या हुत्या. नुसतं सांगलीला म्हटलं असतं तर काय म्हणल्या असत्या? पोरगी लय शिष्ट हाय."

"आणि उद्या परीक्षक बाई विचारतील, तू नुसतं 'यस, मॅडम' म्हणशील, तेव्हा त्या काय म्हणतील?"

 ती एकदम हसत सुटली. सांगली येईपर्यंत मी मेथीवाली मावशी झाले आणि इंग्रजीतून तिच्या घरच्या नको तितक्या चौकशा केल्या. उत्तरांत चुका होत्या. त्या मी सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. मी बाहेर बाकावर बसले होते. ती आली ती पांढरीफटक पडून.

"आजी, गेलं समदं. आईला घिऊन डोंगर चढल्यालं सांगत हुते, तर मॅडमनी मधीच हात वर केला. थँक्यू म्हणल्या, आन् दुसराच प्रश्न. परत एकदा तसंच केलं. लय बोलले मी."

आजवर तिला कुणी मध्येच थांबवलं होतं ते रागावूनच. मी समजावलं, "अगं, त्यांना वेळ ठरवून दिलेला असतो. गप्प बसलेल्या माणसाला कोण थांबवेल? तुझं ऐकून पुरेसं झालं, म्हणून थांबवलं." माझ्या माहितीप्रमाणे ते खरं होतं, पण परतीच्या वाटेवर माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या हातातली भडंगाची पुडी साताऱ्यापर्यंत तशीच राहिली.

निकाल आला त्या दुपारी मी आमटीला फोडणी देत होते. ती चपलांसकट स्वयंपाकघरात शिरली. "आजी, चष्मा लावा." फोनवर आकडे होते. बोलण्याच्या रकान्यात हव्या त्या गुणांपेक्षा अर्धा जास्तच होता. मी पुन्हा एकदा वाचलं, गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. 

तिने वडिलांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"आबा, पास झाले."

"बोलण्यातबी?"

"व्हय, बोलण्यातबी."

 फोन तसाच चालू ठेवून सुभेदार उसाच्या फडातल्या तोडकऱ्यांना ओरडून सांगायला लागले, "आरं कोयतं थांबवा रं जरा! माझी पोरगी पास झाली! बोलून पास झाली!" आम्ही दोघी डोळे पुसत ते ऐकत राहिलो.