टाचेकडचं वळण

यशाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. रेडमंडमध्ये इथली माणसं ज्याला पाऊस म्हणतच नाहीत, तो बारीक पाऊस चालू होता. स्क्रीनवर तिचं नाव बघून मी आधी गाडी बंद केली, कारण यशा मला कधी फोन करत नाही, टेक्स्ट करते. "मावशी, शी इज गॉन," ती म्हणाली. मग तेच पुन्हा मराठीत म्हणाली, "आई गेली..." काचेवरचं पाणी बघत बराच वेळ बसून राहिले एवढं आठवतं.

सुनंदा गजभिये. मूळच्या नागपूरच्या, इथं दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन. मी बारा वर्षांपूर्वी साताऱ्याहून इथं आले तेव्हा त्या माझ्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. नवरा अकाली गेलेला, शाळेत जाणारी एकच मुलगी, यशा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं दार वाजवून, "पोळ्या लाटता येतात का तुले, की मी शिकवू?" असं विचारलं आणि मी त्यांची धाकटी बहीण होऊन गेले. त्या गेल्यानंतर घरी बुद्धवंदना झाली. खूप माणसं आली. नव्यानं आलेल्या मुलांना त्यांनी कसं घर मिळवून दिलं, कुणाच्या बाळंतपणात कशा रात्रंदिवस राबल्या, हे सगळे सांगत होते आणि ते सगळं खरंच होतं. निघताना एकानं मला हळूच विचारलं, "ताई म्हणे स्की करायच्या, खरं का?" मी हो म्हटलं, कारण तेव्हा समजावून सांगायचं त्राण नव्हतं. पण ते स्की नव्हतं. आणि ते काय होतं हे कुठंतरी नीट सांगितलं पाहिजे, असं तेव्हापासून मनात आहे.

यशा शाळेतल्या मुलांबरोबर दर शनिवारी जवळच्या घाटातल्या डोंगरावर स्की शिकायला जायची. तिला घेऊन सुनंदाताई जायच्या आणि सोबतीला मी, कारण शनिवारी मला दुसरं काही काम नसायचं. आम्ही दोघी गाडीत डबा खात, काचेतून बर्फाकडे बघत बसायचो. अशाच एका सकाळी वरून एक माणूस स्नोबोर्डवरून उतरताना दिसला. बाकीचे बोर्डवाले बर्फ खरवडत, तुषार उडवत येत होते. हा मात्र एवढा कलंडला होता की त्याची कंबर जवळजवळ बर्फाला टेकत होती, आणि तरी तो पडत नव्हता. एका बाजूला झोपायचा, उठायचा, दुसऱ्या बाजूला झोपायचा. आवाज नाही, तुषार नाहीत. सुनंदाताई घास तसाच हातात ठेवून बघत राहिल्या. मग दार उघडून, साध्या बुटांनिशी, घसरत धडपडत उताराच्या कडेनं वर चढल्या. मी मागून ओरडत होते. वर जाऊन त्या वाकल्या आणि त्या माणसाची बर्फात उमटलेली खूण बघू लागल्या. दोऱ्याएवढी बारीक एकच रेघ, पेन्सिलीनं काढल्यासारखी, वळत वळत खाली गेलेली. "नीलू," त्या म्हणाल्या, "हे पाह्य. कुठंच फाटली नाही."

त्यांचं कामच तसलं होतं. दातावर बसवायचा क्राऊन जिथं दाताला मिळतो ती कड, त्यांच्या भाषेत मार्जिन, भिंगाखाली घासून अशी करायची की जिभेलाही कळू नये. वीस वर्षं त्या कडाच बघत आल्या होत्या. गाडीत परत येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. त्या वेळी त्यांना पन्नासावं लागलं होतं आणि त्यांनी आयुष्यात बर्फावर पाय घसरण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

पहिला हिवाळा त्यांनी भाड्याच्या साध्या बोर्डावर, आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात पडत-उठत घालवला. पण त्यांना हवा होता तो बोर्ड वेगळा. त्याला अल्पाइन म्हणतात. तो अरुंद, लांब आणि ताठ असतो, त्यावर स्कीसारखे कडक प्लॅस्टिकचे बूट घालून, जवळजवळ समोर तोंड करून उभं राहायचं असतं. हे प्रकरण आता फार थोडी माणसं करतात, त्यामुळे दुकानात मिळत नाही. जुन्या लोकांच्या गॅरेजमध्ये पडलेलं सामान शोधायचं आणि विकत घ्यायचं, हाच मार्ग. ताई महिनोन्‌महिने इंटरनेटवरच्या जाहिराती वाचत होत्या. बोर्ड दिसायचे, पण त्यांच्या पावलाएवढे बूट कुणाकडेच नव्हते. शेवटी डोंगरापलीकडच्या वेनॅची गावातल्या, सफरचंदाची बाग असलेल्या वॉल्ट नावाच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलं की त्याच्या मुलीचे शाळेतल्या शर्यतींचे बूट आहेत, ती आता ॲरिझोनात असते आणि बर्फाचं नावही काढत नाही.

आम्ही दोघी डोंगर ओलांडून गेलो. वॉल्टनं गॅरेजचं दार वर सरकवलं, ताईंकडे बघितलं आणि विचारलं, "कुणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी," ताई म्हणाल्या.

त्यानं बूट काढून दिले. जुनं प्लॅस्टिक थंडीत तडकतं, म्हणून कुठं पांढरी रेघ दिसते का ते अंगठ्यानं दाबून कसं बघायचं, बुटाला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या कुठं झिजतात, सगळं दाखवलं. बूट त्यांना जवळजवळ नेमके आले. मग त्यांनी भिंतीवरच्या एका सुंदर निळ्या बोर्डाकडे बोट दाखवलं. वॉल्टनं मान हलवली. "तो तुमच्या वजनाला वाकणार नाही. वाकला नाही तर वळणार नाही, आणि तुम्ही झाडात जाल." त्यानं कोपऱ्यातला एक जुना, ओरखडलेला, मऊ बोर्ड काढला. ताईंनी त्याच्या लोखंडी कडेवरून नख फिरवत नेलं आणि मधेच थांबल्या. "इथं बोथट आहे. आणि इथं बारीक कंगोरा आलाय." वॉल्टनं चष्मा लावला, दिव्याखाली धरून बघितलं, स्वतःचं नख फिरवलं, पुन्हा बघितलं. त्यानंतर तो त्यांच्याशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा बोलू लागला. निघताना म्हणाला, "बर्फाला हात लावायला जाऊ नका. सगळे तेच करतात. बोर्ड कडेवर घाला आणि वाट बघा. तो आपणहून वळतो."

बोटांकडचं वळण, म्हणजे पुढं झुकून घ्यायचं ते, त्यांना त्याच वर्षी जमलं. टाचेकडचं मात्र काही केल्या जमेना. पाठीकडच्या बाजूला कलंडलं की बोर्ड खडखडखडखड करत सुटायचा आणि त्या पाठीवर आपटायच्या. दोन हिवाळे हे चाललं. माझं काम उताराच्या तळाशी उभं राहून फोनवर व्हिडिओ घ्यायचं. बोटं गारठून जायची. घरी आल्यावर चहा ठेवून त्या तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघायच्या. "मी बसून राहिली नं, नीलू. खुर्चीत बसल्यासारखी. आन्‌ पाहून कुठं राहिली? पायाकडं." मग स्वयंपाकघरात बूट घालून, ओट्यासमोर गुडघे वाकवून, मान वळवून त्या उभ्या राहायच्या. यशा फ्रिजमधून काहीतरी काढत त्यांना वळसा घालून जायची आणि म्हणायची, "मॉम, दिस इज सो वीअर्ड." पण शनिवारी तीच आईच्या मागून स्कीवर यायची आणि "हिप्स, मॉम, हिप्स" असं ओरडायची.

नेमकं दुखणं त्यांना कळलं होतं. टाचेखाली काय चाललंय ते पावलाला जाणवायचं, बोर्ड सुटतोय असं वाटायचं, आणि नजर आपोआप खाली जायची. नजर खाली गेली की कंबर मोडायची. "कळतंय सगळं," त्या म्हणायच्या, "पण पाय माझं ऐकत नाही, मीच पायाचं ऐकून राहिली."

पुढच्या वसंतात त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. केस फारसे गेले नाहीत, पण हातापायांची जाणीव गेली. बोटांच्या टोकांना आणि तळपायांना काही कळेना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू परत येईल, कदाचित येणारही नाही. लॅबमध्ये त्यांनी एक आठवडा प्रयत्न केला आणि एका दुपारी स्वतःच भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी मी त्यांना घरी आणलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "कड दिसते नीलू, पण लागत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून हिवाळ्यात त्यांनी डोंगरावर जायचं काढलं तेव्हा यशा चिडली. कॉलेजमधून मुद्दाम घरी आली होती. "यू कान्ट फील युअर फीट, मॉम." ताईंनी डॉक्टरांना विचारलं होतं. सोपा उतार, बरोबर माणूस आणि दमलं की थांबायचं, एवढ्या अटींवर ते हो म्हणाले होते. "पाय नाही कळत," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण आवाज येतो नं मला. बोर्ड सुटला की खरखर होते."

त्या सकाळी ऊन होतं, जे तिथं क्वचित असतं. बर्फ कडक आणि नुकताच मशीननं सारखा केलेला. बुटांच्या बकल्स यशानं लावल्या, कारण ताईंच्या बोटांना त्या दाबता येत नव्हत्या. पहिल्या फेरीत त्या दोनदा पडल्या. दुसऱ्या फेरीत एकदा. मी खाली उभी राहून मनात म्हणत होते, आता बस करा... तिसऱ्या फेरीत त्या उताराच्या वरच्या टोकाला दिसल्या, मागे यशा. बोटांकडचं एक वळण घेतलं. मग मी बघितलं की त्यांचं डोकं वळलं, आधी डोकं, पार खांद्यापलीकडे, जिथं अजून जायचं होतं तिकडे. गुडघे आत आले, मागचा हात पुढं आला आणि त्या टाचेकडे कलंडल्या. मी खडखडीची वाट बघत होते. ती आलीच नाही. एवढीशी बाई, कित्येक महिने औषधांनी पोखरलेली, बर्फापासून हातभर उंचीवर आडवी होऊन एक भलं मोठं वर्तुळ कापत गेली, उठली, आणि पुन्हा बोटांकडे, आणि पुन्हा टाचेकडे. पायाला काही कळत नव्हतं म्हणून खाली बघण्याचं कारणच उरलं नव्हतं, हे मला नंतर, त्यांनी सांगितल्यावर समजलं. तेव्हा मला काहीच समजत नव्हतं. मी देवळात जाणारी बाई नाही, पण आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी समोरून चाललंय आणि आपण नीट उभं राहिलं पाहिजे, असं मला वाटलं.

त्या खाली येऊन थांबल्या, बोर्ड काढला आणि यशाच्या दंडाला धरून कडेनं पुन्हा वर चढू लागल्या. मीही गेले. टाचेकडच्या पहिल्या वळणापाशी त्या गुडघ्यांवर बसल्या, हातमोजा काढला, रेघेवर बोट ठेवलं. बोटाला लागत नव्हतंच. मग त्यांनी चेहरा जवळ नेला आणि बराच वेळ डोळ्यांनी ती कड तपासली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मार्जिन चांगली आली," त्या म्हणाल्या. यशा त्यांच्या शेजारी बर्फात बसली आणि आईच्या पाठीवर डोकं टेकून रडली.

त्या हिवाळ्यात आम्ही आणखी सहा वेळा गेलो. उन्हाळ्यात आजार परतला, यकृतात. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला लॅपटॉप घेऊन पलंगाशी बसवलं आणि सामानाची जाहिरात सांगितली. दोष आधी. उजव्या बुटाला घोट्यापाशी ओरखडा आहे. बोर्डाचं नाक एकदा दुरुस्त केलंय. कडांना धार मी स्वतः लावलीय. "आन्‌ लिही, लहान पावलाच्या बाईलाच देणे." यशाला ते सामान ठेवायचं होतं. ताई म्हणाल्या, "तुझा पाय बसत नाही त्यात, बेटा. एवढ्या लहान पावलाचे बूट शोधायला मला किती फिरावं लागलं, पाहिलं नं तू?" यशा खोलीतून निघून गेली. पण त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी तिनंच मला टेक्स्ट केला, जाहिरात टाक म्हणून.

गेल्या रविवारी ऑरेगनहून डॅना नावाची एक शाळेची बस चालवणारी बाई आली. बुटकी, माझ्याच वयाची. तिनं गॅरेजमध्ये स्टुलावर बसून बूट घालून बघितले, अंगठ्यानं प्लॅस्टिक दाबलं, बोर्डाच्या कडेवरून नख फिरवलं आणि भुवया उंचावल्या. "या कडा कुणी केल्या?" यशा म्हणाली, "माय मॉम." मग डॅनानं बुटांच्या आतले फोमचे लायनर ओढून बाहेर काढले. ते गरम करून पायावर घालतात, म्हणजे ते त्याच पायाचा आकार घेतात, असं तिनं आम्हाला सांगितलं. "बाहेरचे बूट मला नेमके बसतात. हे मात्र मला चालणार नाहीत, हे त्यांचे झालेत. मी माझे नवीन करून घेईन." तिनं दोन्ही लायनर बाकावर ठेवले, बोर्ड आणि बूट गाडीत घातले आणि यशाचा हात बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

ती गेल्यावर यशानं एका लायनरमध्ये हात घातला. दुसरा माझ्याकडे दिला. आत टाचेचा खोलगट गोल होता, घोट्याच्या हाडाची जागा होती, अंगठ्याच्या मुळाशी त्यांना नेहमी दुखायचं तो उंचवटा होता, आणि पुढं पाच बोटांचे पाच खळगे. आम्ही कितीतरी वेळ तशाच हात घालून उभ्या होतो.

ते लायनर आता यशाच्या खोलीत, खिडकीखाली असतात. आधी तिनं ते हीटरजवळच्या शेल्फवर ठेवले होते. पण डॅना जाताना सांगून गेली होती की फार ऊब लागली तर फोम सैल होतो आणि आकार जातो. म्हणून थंडीचे दिवस असूनही यशा त्या खोलीतला हीटरच लावत नाही, आणि मी भेटायला गेले की आम्ही दोघी अंगावर शाल घेऊन बसतो.