मेथी आणि कारल्याच्या मधलं कडू

उत्तर कॅरोलिनात बिअरसाठी सर्वांत जास्त घाम गाळलेला आणि तिचा एक थेंबही न प्यालेला माणूस कोण, याची नोंद कुणी ठेवत असेल, तर पहिलं नाव माझ्या साडूंचं असणार आणि दुसरं नाव नसणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मूळचे नागपूरचे. तीस वर्षं मॉरिसव्हिलजवळच्या एका कंपनीत त्यांनी डेटाबेस सांभाळले आणि या काळात लेखी मंजुरी आल्याशिवाय एक रकानासुद्धा इकडचा तिकडे केला नाही. निवृत्त झाल्यावर शहराबाहेर तीन एकर जमीन घेतली. ताईंना वाटलं, टोमॅटो-वांगी लावतील. त्यांनी अठरा फुटी खांब रोवले, वरून तारा ताणल्या, तारांवरून काथ्याचे दोर सोडले आणि हॉप्स लावले. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हिरवी फुलं. ती वेलीवर येतात आणि वेल लावल्यापासून तिसऱ्या वर्षी कुठे धड येतात. आसपास बिअर गाळणाऱ्या छोट्या छोट्या ब्रूअऱ्या निघत होत्या, प्रत्येकीच्या दारावर ‘लोकल’ असा फलक होता. साडूंनी तो फलक वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला.

वेलींच्या बाबतीत ते कर्मठ होते. हॉप्सची वेल दोराभोवती एकाच दिशेने चढते, देवळात आपण प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने. एकदा मी मदत म्हणून दहा-बारा वेली उलट्या गुंडाळल्या. सकाळपर्यंत सगळ्या सुटून जमिनीवर आल्या. “भाऊ, तुम्ही आयुष्यात एकदा तरी देवळात गेले का?” एवढंच ते म्हणाले आणि सगळ्या पुन्हा चढवल्या. खरी अडचण मात्र वेलींची नव्हती, अक्षांशाची होती. या पिकाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो. तो तिकडे वायव्येकडच्या राज्यांत मिळतो आणि आमच्याकडे तासाभराने तोकडा पडतो. त्यामुळे पीक निम्म्यावर यायचं. “खत आणतो, पाणी आणतो,” साडू म्हणायचे, “तासभर उजेड कोणत्या दुकानातून आणू?”

चव हा दुसरा प्रश्न. ब्रूअरीवाले प्रयोगशाळेचा अहवाल मागत, कारण त्यांना कडवटपणाचा आकडा लागतो. साडूंनी स्वतःचं कोष्टक तयार केलं होतं. फूल चावायचं आणि नोंद करायची: मेथी, कारलं, कडुनिंब. मध्ये पायऱ्या होत्या. बिअर चाखायचं काम माझ्याकडे होतं. मी घोट घेऊन ‘कडू’ म्हणालो की ते वैतागत. “कडू तर सगळंच आहे. कोणतं कडू ते सांगा!” एका ब्रूअरीला त्यांनी ईमेलने कळवलं होतं की यंदाचा माल मेथी आणि कारल्याच्या मधला आहे, पण कारल्याकडे झुकणारा. उत्तर आलं नाही.

तोडणीला यंत्र मिळतं, पण तीन एकरांसाठी ते घेणं म्हणजे शेजारच्या घरी जायला विमान घेणं. एक वेल हाताने तोडायला एका कुटुंबाला तास लागतो. म्हणून साडूंनी मराठी मंडळाला हाक दिली. मंडळ आलं, पोराबाळांसह आलं. आता शेतावर राबायला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची रीत आपल्याकडे नाही. सकाळी पोहे, दुपारी मसालेभात, मठ्ठा, जिलबी, निघताना चहा. मजुरी शून्य. जेवणावळीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. “या फुलांऐवजी मसालेभात विकला असता तर आतापर्यंत समुद्रकिनारी घर झालं असतं,” ताई म्हणाल्या. मुलगी शार्लटहून फोनवर सांगायची, “बाबा, जस्ट कॉल इट अ हॉबी!” हा शब्द त्यांना सहन होत नसे. “हॉबी म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही ते,” ते म्हणत.

सहाव्या वर्षी ताईंनी अट घातली. जमिनीला बिल्डरची मागणी आली होती. या हंगामात सगळा माल विकला गेला तर शेत राहील, नाहीतर जाईल. साडूंनी आनंदाने मान्य केलं, कारण वसंतात एका ब्रूअरीचा तरुण मालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, “जेवढं असेल तेवढं घेऊन या, मॅन!” मी म्हटलं, लिहून घ्या. ते दुखावले. “माणसाने शब्द दिला आहे. वरून कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान नाही का?” तीस वर्षं ईमेलशिवाय रकाना न हलवणारा माणूस हे बोलत होता.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी त्या ब्रूअरीची टाकी रिकामी झाली आणि ताजा माल लगेच हवा, असा निरोप आला. मंगळवार म्हणजे कामाचा दिवस. तरी मंडळातले चौदा जण आले, ‘वर्क फ्रॉम होम’ सांगून. वेलींखाली माणसं कानात यंत्रं घालून फुलं तोडत होती. “येस, कॅन यू हिअर मी?” आणि लगेच, “यार, ती बादली सरकव ना इकडे.” दुपारपर्यंत अकरा पोती भरली. हॉप्स उबेने खराब होतात, म्हणून व्हॅनमध्ये एसी पूर्ण सोडून आम्ही निघालो.

मालकाने पोत्यात हात घातला, वास घेतला, मनापासून खूश झाला. दोन्ही ओंजळी भरून साडूंचा फोटो काढला. मग दोन पोती उतरवून घेतली. “बाकीची?” साडूंनी विचारलं. “दोन पुष्कळ झाली, मॅन. वर्षातून एकदाच करतो आम्ही ही ताज्या फुलांची बिअर. बाकी वर्षभर पश्चिमेकडून येणाऱ्या, वाळवलेल्या हॉप्सच्या गोळ्या वापरतो. प्रत्येक पाकिटावर आकडा असतो, प्रत्येक वेळी तीच चव येते. तुमच्या दोन वेलीसुद्धा एकसारख्या नसतात.” तो खोटं बोलत नव्हता. वसंतातही बोलला नव्हता. इथे तसं म्हणायची पद्धत आहे, एवढंच.

परतताना व्हॅनमध्ये नऊ पोती मागे होती. आता ती थंड ठेवायचं काही कारण नव्हतं. साडूंनी एसी तसाच ठेवला. चाळीस मिनिटं आम्ही कुडकुडत बसलो आणि दोघांपैकी कुणीही बटणाकडे हात नेला नाही.

हिवाळ्यात मी त्या ब्रूअरीत गेलो. भिंतीवर साडूंचा मोठा फोटो लावला होता, ओंजळीत फुलं घेऊन हसणारा. खाली लिहिलं होतं, ‘आमचा शेतकरी’. त्याखालच्या नळातून वर्षभराची नेहमीची, गोळ्यांची बिअर वाहत होती. मी साडूंना हे सांगितलं. “माझा फोटो चालतो त्यांना,” ते म्हणाले, “माल चालत नाही.” तो भिंतीवरून उतरवायला सांगू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. फोटो चांगला आला होता, असं ताईंचंही मत पडलं.

शेत मार्चमध्ये गेलं. ताबा देण्याआधी साडूंनी मुळं खणून काढली आणि तोडणीला आलेल्या प्रत्येक घराला एकेक कुंडी दिली. काही सुकल्या. आमची जगली आणि मागच्या डेकच्या कठड्यावर चढली. परवा ते आले, चहा ठेवायला सांगून सरळ मागे गेले. एक फूल तोडून कानाजवळ चुरगाळलं, कागदासारखं वाजतं का ते ऐकलं, तळव्यावरच्या पिवळ्या भुकटीचा वास घेतला. “अजून चार दिवस,” म्हणाले.

“चार दिवसांनी काय करायचं?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्नाचा रोख त्यांना कळला नसावा.

“काही नाही,” ते म्हणाले. “तयार होतील.”