पैनगंगेची ओटी

जिजीने ओटी भरल्याशिवाय आमच्या पुलावरून ट्रकसुद्धा हलत नसे. रस्ता मेहकरला जाणारा मोठा, पण पूल बुटका; पैनगंगेला पूर आला की पाणी पुलावरून वाहू लागे. मग जिजी खण, नारळ, तांदूळ घेऊन काठावर जाई आणि ओटी प्रवाहात सोडे. दोन्ही काठांवर अडकलेली माणसं नारळ वाहताना बघत आणि गाड्या सुरू करत. पोलिसांनी बांधलेल्या दोरीपेक्षा लोकांचा त्या नारळावर भरवसा जास्त.

जिजी माझी चुलत सासू, घर शेजारीच. अंगाने काडी, जिभेने विळा. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी जाड थापली म्हणून पहिला दम तिनेच दिला होता.

काठावर गेली तरी ती लगेच ओटी भरत नसे. दगडावर बूड टेकून पाण्याकडे बघत बसे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकत. “काऊन बोंबलून राह्यला बे? तुह्या सासऱ्याची नदी हाये का?” असं जिजी ओरडे आणि मला हळूच म्हणे, “नदीपुढं घाई दाखवा लागत नाही, पोरी. तिले समजते.” पाणी उतरणीला लागलं की मगच तिचा हात पदराखालून बाहेर येई. लोक म्हणत, जिजीच्या ओटीनं पाणी उतरलं. तीही नाही म्हणत नसे. मान कोणाला नको असतो?

त्या वर्षी तिचे यजमान, तात्याच, पलीकडच्या काठावर अडकले. बाजारातून परतले होते. दम्याचा माणूस, मोटारसायकलला टेकून पावसात उभा. खोकल्याने वाकलेलं त्यांचं अंग इकडूनही दिसत होतं. जिजी दगडावर बसलीच नाही.

“जिजी, पानी अजून चढून राह्यलं,” मी म्हटलं.

“त्याईले दमा हाये वं. कवाचे भिजून राह्यले,” ती म्हणाली आणि तिने ओटी सोडली.

नारळ दिसताच तात्यांनी किक मारली. त्यांचा तर तिच्यावर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. पुलाच्या मधोमध गाडी आडवी झाली. मग तिथे फक्त पाणी दिसत होतं. जिजी ओटी सोडलेला हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मीच तो खाली घेतला. बर्फासारखा गार होता.

ओटी भरायचा मान सवाष्णीचा. पुढच्या पुराला लोक जिजीच्या दारावरून मान खाली घालून गेले आणि खण-नारळाचं ताट माझ्या हातात दिलं. खरं सांगते, भीतीसोबत मला जरा बरंही वाटलं. पदर सावरून निघाले.

जिजी दारातच होती. वर्षभरात ती कोणाशी धड बोलली नव्हती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

“तुहा नवरा कोन्या काठाले हाये?”

हे सकाळीच पूल ओलांडून मेहकरला गेले होते. मी ताट तिच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. पुलाकडून हॉर्न वाजतच राहिले.