अस्पष्ट प्रत

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं तीनच, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू घरच्यासारख्याच. त्यांच्या लेकीला सासरगावी दागिन्यांसाठी चोरानं मारलं होतं. त्याला फाशी झाली, ती वरच्या कोर्टातही कायम राहिली आणि मग त्यानं राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज केला. असे अर्ज सरकारच्या ज्या विभागातून पुढे जातात, तिथंच माझे बाबा नोकरीला. काकूंना वाटायचं, देवानंच हा शेजार दिला.

दर रविवारी त्या चहाला यायच्या.

"भाऊजी, काही हललं का?"

"बिल्कुल, वहिनी. फाईल वर गेलीय. आता दिवसांचा प्रश्न."

हा दिवसांचा प्रश्न नऊ वर्षं चालला. काकू सरकारच्या नावानं बोटं मोडायच्या, मीही हौसेनं भर घालायचे. बाबा चहात बिस्किट बुडवत बसायचे.

गेल्या वर्षी कोर्टानं सांगितलं, अर्ज इतका रखडला की आता फाशी देणं अन्यायाचं होईल; जन्मठेप. काकू रडल्या नाहीत. उलट बाबांना म्हणाल्या, "तुम्ही जिवाचं रान केलंत, मी विसरणार नाही." बाबांनी चक्क हात जोडले.

त्या गेल्यावर मी विचारलं, एवढा वेळ लागतोच कसा? बाबा निवृत्त झाले होते, बोलले. खटल्याचे कागद मराठीत. सेक्शनमध्ये मराठी येणारे ते एकटेच, म्हणून इंग्रजी भाषांतर तपासायला त्यांच्याकडे. एखाद्या पानावर शेरा मारायचा, 'मूळ प्रत अस्पष्ट, स्वच्छ प्रत पाठवावी.' कागद मुंबईला जातात, आठ-दहा महिन्यांनी परततात. मग दुसरं पान.

"पानं खरंच अस्पष्ट होती?"

"नाही. पण माझ्या टेबलावरून माणूस फासावर जावा, हे माझ्याच्यानं होईना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फाशी मलाही नकोच वाटते. पण त्या माणसासाठी पाझर फुटलेल्या बाबांनी समोर बसलेल्या बाईला नऊ वर्षं खेळवलं, आणि मला तिच्या शेजारी बसवून मूर्ख बनवलं. ज्या माणसाच्या सरळपणाची मी मैत्रिणींत शेखी मिरवली, तो हा.

रविवारी काकू आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

त्यांनी सांगितलं. खाली बघत, पण सगळं.

काकू म्हणाल्या, "अच्छा. तुम्हाला दया आली, ती यावी. पण पहिल्याच वर्षी सांगायचं होतंत, भाऊजी. आम्ही वाट बघणं सोडून दिलं असतं. लेकीच्या वडिलांनी हॉस्पिटलात शेवटचं काय विचारलं, माहितीये? भाऊजींकडून काही कळलं का."