टांकसाळीची फिल्म आणि चकत्यांची धार

समजा, प्रेसखालून नुकत्याच पडलेल्या पितळी चकत्यांच्या ढिगात तुम्हाला हात घालायचाय. मूठभर उचलायच्या, वाकड्या निघतील त्या बाजूला टाकायच्या. कडेला पात्यासारखी धार. हातमोजा घातला तर वाकडी चकती बोटांना कळत नाही, काढला तर बोटं चिरतात.

सिल्वासाच्या एका लहान कारखान्यात कावेरी हे काम उघड्या हातांनी करायची. चकत्या पाडायचा तिचाच नवरा, सुकदेव. मूळचा धुळ्याकडचा, राहायला जवळच्याच अथाल गावात. भाकरी थापताना चिरलेल्या बोटांमुळे तिने हात आखडला की तो जेवता जेवता थांबायचा.

सत्त्याऐंशी साली दोघं सिनेमाला गेली. आधी सरकारी माहितीपट लागायचा, तेवढा वेळ लोक बाहेर बिड्या ओढत. त्या दिवशी टांकसाळीत नाणी कशी पाडतात ते दाखवत होते. शेवटी एका बाईने नाण्यांच्या ढिगात दोन्ही हात खुपसले आणि हसत वर काढले. साधा ओरखडा नाही. सुकदेव खुर्चीच्या टोकाला आला.

पण कडेची धार घालवायला मधे काय केलं, ते नजरेतून निसटलं होतं. म्हणून तो पुन्हा एकटा गेला, माहितीपट संपताच उठला. पुढच्या दिवशीही तेच. दारावर तिकिटं फाडणाऱ्या झुंबरने अडवलंच, "काय भाऊ, हिरॉइन पसंत नाही का?"

"माझी हिरॉइन आधीच येऊन जाते," सुकदेव म्हणाला.

त्याला हवं ते दिसलं होतं. छाप मारण्याआधी कोरी चकती एका खाचेतून गरगरत जाते आणि तिची कड दाबून गोल होते. सुपरवायझर कल्पेशभाईंनी भंगारातल्या दोन पट्ट्या दिल्या, वर रविवारी कारखान्याची किल्लीही. सुकदेवने पट्ट्यांना खाचा पाडल्या. एक पट्टी पक्की बसवली, दुसरी हाताने सरकवायची. चकती मधून लोळत जायची. पहिल्या चकत्या पापडासारख्या वाकल्या. कानस घेऊन तो खाच रुंद करत राहिला.

अखेर कावेरीपुढे ढीग ओतला. तिने हात घातला नाही.

"आधी तुम्ही घाला," ती म्हणाली.

त्याने मनगटापर्यंत घातला, फिरवला, तिच्यासमोर उलटापालटा केला. मग तिने घातला.

काही महिन्यांनी खाच झिजली. पहिल्यांदा कळलं ते कावेरीच्या अंगठ्याला. त्याने नवी पट्टी केली. पुढेही करत राहिला.

आज इतक्या वर्षांनीही नवं नाणं हाती आलं की तो आधी कडेवरून नख फिरवतो. टांकसाळीतली खाचही झिजत असेलच. ती झिजली हे तिथे आधी कळतं कुणाला, यंत्रावरच्याला की ढिगात हात घालणाऱ्या त्या बाईला?